नलूची मिटकी

मुनेश्वरांच्या घरात माणूस एक तर खूश असायचा, नाही तर रुसलेला. तिसरा प्रकार या घराण्याला ठाऊकच नव्हता. धर्मपालच्या आजोबांनी रोडगा कच्चा राहिला म्हणून अख्खा पावसाळा गोठ्यात बसून जेवण केलं होतं, आणि गावात त्यांच्या शहाणपणापेक्षा त्या रुसव्याचीच आठवण अजून निघायची. त्यामुळे धर्मपालची बायको, घरची थोरली सून नलू गेल्या पावसाळ्यापासून गप्पगप्प राहायला लागली, तेव्हा तिला काय झालंय असं कोणी विचारलं नाही. विचारलं गेलं ते एवढंच, आणि तेही तिच्या पाठीमागे, की बाई नेमकी कोणावर रुसली?

आज त्याचा निकाल लागणं भाग होतं. उद्या सकाळी धाकट्या दिराच्या, धम्मरत्नच्या मुलीचं, मैत्रेयीचं साक्षगंध होतं. पांढरकवड्याहून पाहुणे येणार, विहारात वंदना होणार, मग जेवणं. मुलगा गॅरेजवाला, हसऱ्या तोंडाचा, सगळ्यांना पसंत पडलेला. पण पोरीने काल चुलीपुढे सरळ सांगून टाकलं होतं, "मोठी आई खूश नसन, तर मी साक्षगंधाले बसत नाही. तिनं मले अंगाखांद्यावर वाढवलं. तिले पोरगा पसंत नाही, म्हणूनच ती बोलून नाही राह्यली."

नलू तेव्हा दाराबाहेर सरपण घेऊन उभी होती. पोरगा चांगला आहे हे तिला कळत होतं. पण चांगला आहे हे कळणं आणि चांगलं वाटणं यांत एवढं अंतर असतं, हे तिला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी समजत होतं, आणि ते सांगायचं कसं हे समजत नव्हतं.

कार्याच्या आदल्या दिवशी वावरात रोडगे करायचे ही मुनेश्वरांची रीत. कणीक मळून गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचं काम पुरुषांचं, वांग्याची भाजी आणि वरण बायकांचं. पहिला रोडगा मात्र थोरल्या सुनेने फोडायचा. एक घास खाऊन तिने जीभ टाळ्याला लावून मिटकी वाजवली, की पंगत बसली. आधी कोणी पानाला हात लावायचा नाही. नलूची मिटकी अशी वाजायची, की धुऱ्यापलीकडच्या वावरातला धावजी हातातलं काम टाकून ओरडायचा, "झालं का वो?" आणि धर्मपाल इकडून ओरडायचा, "झालं! या जेवाले!"

ते दिवस कापसाला वाईट होते. वावरात पऱ्हाट्या वाळून उभ्या होत्या, धम्मरत्नने निम्म्या रानात सोयाबीन घेऊन पाहिलं होतं, आणि दारव्ह्याच्या ज्या जिनिंगमध्ये धर्मपाल फिटर होता, ती आठवड्यातले निम्मे दिवस बंद असायची. पण धर्मपालचा आवाज यंत्रांच्या गोंगाटावर चढून बोलायच्या सवयीचा होता आणि स्वभाव त्या आवाजासारखाच मोकळाढाकळा. जिनिंग बंद असली की तो म्हणायचा, "बरं झालं, दुपारी झोपाले भेटते." अशा माणसाशी कोणी रुसावं तरी कसं? पण रुसलेली दिसत होती खरी. आठवडी बाजारात तर तिने कहरच केला. वांगीवालीने सांगितला तो भाव नलूने मुकाट्याने देऊन टाकला. जिच्या घासाघिशीला बाजारातल्या बाया कान टवकारून उभ्या राहत, तिने! वांगीवालीनेच घाबरून दोन वांगी वरून टाकली. ही बातमी तिच्या पिशवीच्या आधी घरी पोचली.

दिवाळीनंतर आरोग्य खात्याची विमलताई घरी आली होती, तो दिवस नलू विसरली नव्हती. तेव्हा कापसाच्या गावांतून त्या खात्याची माणसं हिंडायची, घरोघर शेतकऱ्यांच्या मनाची विचारपूस करायची. सातबाऱ्यावर नाव धर्मपालचं, म्हणून प्रश्नही त्यालाच.

"झोप लागते का, भाऊ?" विमलताईने विचारलं.

"पडलो का घोरलो," धर्मपाल म्हणाला. "इचारा हिले."

"भूक?"

"ते कायले इचारता ताई, पोट पाहा ना माह्यं."

"आधी ज्यात मन रमायचं, त्यात आता रमतं का? का काहीच आवडेनासं झालं?"

"मले सगळंच आवडते," धर्मपाल म्हणाला. "चहा घ्या."

दाराच्या आत नलू चहा गाळत होती. गाळणी तिच्या हातात तशीच राहिली. काहीच आवडेनासं झालं. म्हणजे याला नाव होतं, आणि हे विचारायला सरकार जीप पाठवत होतं! नव्या माठातलं पहिलं पाणी, धर्मपालच्या सदऱ्याला येणारा सरकीचा वास, ओला हरभरा सोलता सोलता चाललेल्या चहाड्या, सगळं जागच्या जागी होतं आणि तिच्यासाठी बंद झालं होतं. ती आतून प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होती. पण तिला कोणी विचारतच नव्हतं. ती चहा घेऊन बाहेर आली. विमलताईने दोन घोट घेऊन कप खाली ठेवला. धर्मपालने मात्र भुरके मारत सगळा संपवला आणि वर म्हणाला, "मस्त झाला." कप विसळताना नलूच्या लक्षात आलं, की साखर टाकलीच नव्हती. आणि तिने स्वतःही आपला कप संपवला होता.

तर आज वावरात, सकाळपासून, सगळं घर नलूभोवती पाय न वाजवता फिरत होतं.

पहिली आली जाऊ उर्वशी, मैत्रेयीची आई. वांगी चिरायच्या निमित्ताने ती नलूच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. "बाई, एक सांगू का? रागावू नका. वाटणीच्या टायमाले थो तांब्याचा हंडा हरपला म्हणून मी सांगतलं होतं. थो हरपला नाही. माह्या माहेरी हाये."

"कोणता हंडा?" नलूने विचारलं. तिला खरंच आठवेना.

"असं नोका बोलू, बाई! त्यापरीस शिव्या द्या." उर्वशीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कांद्याचं नव्हतं, कारण कांदा अजून चिरायचा होता. "उद्याच्या उद्या आणून देतो. फक्त पाहुण्यायपुढं तोंड असं नोका ठेवू. थे म्हणतीन, थोरल्या काकूले सोयरीक पसंत नाही."

ती उठली तसा धम्मरत्न गोवऱ्यांची पाटी घेऊन आला. गावात सरपंचालाही ऐकवणारा हा माणूस वहिनीपुढे मात्र शाळेतल्या पोरासारखा उभा राहायचा. "वहिनी, मागच्या दसऱ्याले नागपूरले गेलतो, तवा जीपमधी जागा नाही म्हणलं होतं. जागा होती. तुमी संग असल्या का दर गावी चहाले उतरवता, गोष्टी सांगत बसता. उशीर होते. म्हणून..."

"बरं केलं, भाऊजी," नलू म्हणाली.

धम्मरत्न पांढराफटक पडला. वहिनीने ‘बरं केलं’ म्हणावं म्हणजे मामला फारच पुढे गेला होता.

धर्मपालची आत्या तानाबाई कालच ढाणकीहून काळीपिवळी जीपमध्ये बसून आली होती. म्हातारीला कमरेने दगा दिला होता, जिभेने नाही. ती बाभळीच्या सावलीतूनच ओरडली, "नलू, इकडे ये. तुह्या लग्नात मी म्हणलं होतं, का पोरगी काळी हाये. तुह्या कानावर आलं असन."

"आलं होतं, आत्याबाई. लग्नातच."

"काळीच हाये तू. पन म्हणाले नाही पाह्यजे होतं." एवढं बोलून माफी मागून झाली असं समजून तानाबाईने सुपारी तोंडात टाकली.

नलूला हे सगळं दुरून दिसत होतं. पूर्वीची नलू असती, तर उर्वशीच्या हंड्यावर तिने निदान वर्षभर पुरतील एवढे टोमणे काढले असते, आणि म्हातारीच्या माफीवर पोट धरून हसली असती. हसण्यासारखं आहे, हे आताही तिला दिसत होतं. हसू तेवढं कुठून आणायचं हे कळत नव्हतं.

शेवटी आला विक्की, तिचा एकुलता एक. नागपूरला मोबाईलच्या दुकानात कामाला होता. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि मातीत काडीने रेघोट्या मारायला लागला.

"आई, तुले समजलंच असन. अनघाचं."

"कोण अनघा?"

विक्कीने वर पाहिलं. आता मागे फिरायला जागा नव्हती. "यवतमाळची हाये. तिचे बाबा कचेरीत साहेब हायेत. आपल्यातली नाही. दोन साल झाले, आई. मले लग्न करायचं हाये तिच्यासंग. मी सांगणारच होतो, पन तू आधीच रुसून बसली, म्हणून मले वाटलं कोनं तरी..."

नलू त्याच्याकडे पाहत राहिली. या क्षणी तिला काहीतरी व्हायला हवं होतं. संताप यायला हवा होता, नाही तर पोरगी गोरी आहे का, जेवायला काय करते, हे विचारायची घाई व्हायला हवी होती. निदान छातीत धस्स व्हायला हवं होतं. पोटच्या पोराने आयुष्याची एवढी मोठी गोष्ट पुढ्यात ठेवली होती आणि तिच्या आत साधी टाचणीही पडली नाही.

"बरं," ती म्हणाली.

तो शब्द स्वतःच्याच तोंडून ऐकला आणि तिला भीती वाटली. इतक्या महिन्यांत वाटलेली ती एकच गोष्ट होती, भीती. उद्या पोराचं लग्न होईल, मैत्रेयी सासरी जाईल, घरात नातवंडं येतील, आणि आपण प्रत्येक वेळी ‘बरं’ म्हणत उभ्या राहू.

"रोडगे झाले!" धर्मपाल गरजला.

राखेतून रोडगे बाहेर निघाले, फडक्याने झटकले गेले. पत्रावळी मांडल्या. वरणावर तुपाची धार पडली, वांग्याच्या भाजीचा वास धुऱ्यापर्यंत गेला. सगळे रांगेत उभे राहिले आणि कोणीही बसलं नाही. मैत्रेयी तर हाताची घडी घालून थेट नलूसमोर उभी होती. नलूने पहिला रोडगा हातात घेतला, चटका सोसत फोडला. आतून वाफ निघाली. तिने तुकडा भाजीत बुडवून तोंडात घातला आणि चावला. गरम आहे एवढं समजलं. बाकी काही नाही.

खोटी मिटकी वाजवायला काय लागत होतं? जीभ टाळ्याला लावायची आणि सोडायची. गेल्या पावसाळ्यापासून प्रत्येक कार्यात ती खोटीच वाजवत आली होती, आणि पंगती बसत होत्या. तिने जीभ टाळ्याला लावली. समोर मैत्रेयीचा चेहरा होता. पोरगी श्वास रोखून उभी होती, जणू ही मिटकी म्हणजे तिच्या सोयरिकीवरचा शिक्काच. या पोरीला तरी नलूला फसवावंसं वाटेना.

तिने घास गिळला. "मले काही समजत नाही," ती म्हणाली.

आणि मग जे झालं, ते मुनेश्वरांच्याच घरी होऊ शकतं.

"हंडा देतो म्हणलं ना मी!" उर्वशी रडकुंडीला येऊन ओरडली.

"कोणता हंडा?" धर्मपाल म्हणाला. "थो हरपला होता ना?"

"वहिनी, जीपची गोष्ट एवढी मनाले लावू नका," धम्मरत्न म्हणाला.

"म्हणजे जागा होती?" मैत्रेयी बापाकडे वळली.

"मी काळी म्हणलं म्हणून आता पंगत अडवते का?" तानाबाई बाभळीखालून म्हणाली.

"आई, अनघाले तू एकदा भेट तर!" विक्की बोलून गेला, आणि सगळ्या माना गर्रकन त्याच्याकडे फिरल्या.

"कोण अनघा?" हे मात्र सगळ्यांनी एकदमच विचारलं.

"थांबा!" नलू म्हणाली. तिचा आवाज फार मोठा नव्हता, पण इतक्या महिन्यांत तो चढलाच नव्हता, त्यामुळे सगळे गप्प झाले. "मी कोनावर रुसली नाही. हंड्यावर नाही, जीपवर नाही, तुह्या अनघावर नाही. मैत्रेयी, पोरगा चांगला हाये. मले काही आवडूनच नाही राह्यलं. रोडगा नाही, बाजार नाही, गाणं नाही, तुमी बी नाही. लय दिवस झाले. मी हासतो थे खोटं हासतो. तुमाले वाटते माह्या मनात कायतरी हाये. काहीच नाही मनात. तेच तर सांगून राह्यली."

तिच्या हातातला फुटका रोडगा मैत्रेयीने हळूच काढून घेतला.

रुसव्यावर या घरात शंभर उपाय होते, यावर एकही नव्हता. मग बाभळीखालून आवाज आला, तोच, पण खालच्या पट्टीतला.

"मलेही झालं होतं," तानाबाई म्हणाली. "ढाणकीले, मधला पोरगा झाल्यावर. स्वयंपाक करे, पाणी आणे, लोकाय संग हासे. आन आत काहीच नाही. मले वाटे, दुनियेत मीच एकली अशी हावो. आपल्या लोकायनं दीक्षा घेऊन अंगारे-धुपारे सोडले होते म्हणून वाचली, नाही तर सासूनं मांत्रिकच आणला असता."

"मंग गेलं कसं?" नलूने विचारलं. ती म्हातारीच्या जवळ जाऊन बसलीसुद्धा होती.

"एक दिवस कैरी खाल्ली, आन दात आंबले. दात आंबले म्हणून मी ढसाढसा रडली. सासू म्हणे, येडी झाली पोरगी." तानाबाईने नलूचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "पन तोवर लय सालं गेले, माय. मी कोनाले बोललीच नाही. तवा डॉक्टर होता का, कोन होतं? तू कायले थांबते?"

"इमलताईले विचारू," उर्वशी डोळे पुसत म्हणाली. "ती सांगन कोनता डॉक्टर. सोमवारी यवतमाळले जाऊ. मी येतो संग."

"मीही," मैत्रेयी म्हणाली.

"तू नाही, तुह्यं साक्षगंध झालेलं असन, घरी बस."

"साक्षगंध झालं म्हणून काय पाय मोडले का माह्ये?" मैत्रेयी म्हणाली, आणि उद्या ती बसणार आहे हे तिच्या आईला असं आडवाटेने कळलं. "मोठी आई, उद्या तुले हासू नाही आलं तर नोको हासू. त्यायले मी सांगतो, मोठ्या आईची तब्येत बरी नाही म्हणून."

"जीप मी ठरवतो," धम्मरत्न म्हणाला. मग खाली मान घालून, "जागा हाये, वहिनी. म्होरची. ज्या गावी म्हणसान त्या गावी चहा."

नलू बोलल्यापासून एकच माणूस काही बोलला नव्हता, आणि तो गप्प राहिलेला नलूने उभ्या संसारात पाहिला नव्हता. धर्मपाल विस्तवापाशी राखेने माखलेले हात घेऊन उभा होता. तो आला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"त्या दिवशी चहात साखर नव्हती," तो म्हणाला.

"तुमाले समजलं होतं?"

"समजन नाही तर काय? कडू जहर. मले वाटलं, तू रुसली, शिक्षा देऊन राह्यली. म्हणून सगळा पेलो. मस्त म्हणलं. म्हटलं पेलो तर राग जाईन." त्याने तळहातावरची राख खरवडली. "मी बाहीर बसून इमलताईले सगळं आवडते म्हणून सांगून राह्यलो होतो, आन तू आत होती."

"होती," नलू म्हणाली.

धर्मपालने हात सदऱ्याला पुसले. मग विमलताई बसायची तसा ताठ बसला. "झोप लागते का?"

"अहो, काय हे? सगळे पाहून राह्यले."

"पाहू दे. झोप लागते का?"

"पहाटंच उघडते. मंग पडून राह्यतो."

"भूक?"

"सगळे जेवतात म्हणून जेवतो."

"आधी ज्यात मन रमे, त्यात आता रमते का?"

"नाही." हे एवढं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. दाराच्या आत उभं राहून दिलेलं उत्तर इतके दिवस तिथेच पडून होतं.

"आता हे इमलताईचं नाही, माह्यं हाये," धर्मपाल म्हणाला. "हे मी विचारलं, तर काही वाटलं का तुले?"

आता खोटं बोलायची गरज उरली नव्हती, त्यामुळे तिने खरंच आत पाहिलं. समोर नवऱ्याच्या भुवईवर राख होती, पाठीशी म्हातारीचा हात होता, आणि मैत्रेयी तो फुटका रोडगा अजून दोन्ही हातांत धरून उभी होती, खाली ठेवला तर मोडेल अशी. आनंद नव्हता. पण मघाशी तोंडातून ‘बरं’ निघालं तेव्हाची ती भीती जराशी सरकली होती, आणि तिच्या जागी काहीतरी आलं होतं.

"थोडंसं," ती म्हणाली.

"थोडंसं?"

"थोडंसं."

धर्मपालचं तोंड वाकडंतिकडं झालं. तो हसत होता का रडत होता हे राखेमुळे कोणालाच कळलं नाही. पत्रावळीवरचं वरण निवत चाललं होतं, विक्कीकडे बघत सगळ्यांच्या पोटात अनघाविषयीचे प्रश्न मावत नव्हते, आणि तरी कोणी बसत नव्हतं, कारण मिटकी वाजली नव्हती. तेवढ्यात धुऱ्यापलीकडून, आज एवढा उशीर का म्हणून कंटाळलेल्या धावजीने हाक दिली.

"झालं का वो?"

सगळ्यांनी धर्मपालकडे पाहिलं. तो बाहीने तोंड पुसत होता. मग नलूच उठून उभी राहिली, पदर सावरला आणि धुऱ्याकडे तोंड करून म्हणाली,

"थोडंसं झालं, धावजी भाऊ. या जेवाले."

आणि पंगत बसली.